आधी नाव विचारा, मग गाव : अतिऊर्जावान वैश्विक किरणांची घडण

२७ मे २०२१ च्या पहाटे अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटात एक लहानशी घटना घडली. 'टेलिस्कोप ॲरे' या वेधशाळेचे ५०७ संवेदक तेथे सुमारे ७०० चौरस किलोमीटरवर मांडलेले आहेत. त्यांपैकी २३ संवेदक जवळजवळ एकाच क्षणी जागे झाले. आकाशातून आलेला एकच कण वातावरणावर आदळला होता आणि त्याने उडवलेला दुय्यम कणांचा वर्षाव जमिनीपर्यंत पोचला होता. हिशेबाअंती मूळ कणाची ऊर्जा निघाली २४४ वर १८ शून्ये इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि कणाला जपानी सूर्यदेवतेचे नाव मिळाले : अमातेरासु.

बातम्यांत दोन गोष्टी ठळक होत्या. पहिली, ऊर्जा केवढी प्रचंड. दुसरी, कण आला कोठून. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विलक्षण होते. कण ज्या दिशेने आला असे दिसते, तिकडे दीर्घिकांचा जवळजवळ अभाव असलेला प्रदेश आहे. खगोलशास्त्रज्ञ त्याला 'स्थानिक पोकळी' म्हणतात. रिकाम्या घरातून दगड यावा तसा हा प्रकार. साहजिकच 'गूढ' हा शब्द बहुतेक मथळ्यांत आला.

तिसरा प्रश्न मात्र मथळ्यांत नव्हता. तो कण होता तरी कोणता? हायड्रोजनचे अणुकेंद्रक म्हणजे नुसता प्रोटॉन, की लोखंडाचे अवजड अणुकेंद्रक? हा तपशिलाचा प्रश्न नव्हे. अवकाशात चुंबकीय क्षेत्रे आहेत आणि विद्युतभारित कण त्यांत वळतात. लोखंडाच्या अणुकेंद्रकावर प्रोटॉनच्या २६ पट भार असतो, म्हणून तेवढ्याच ऊर्जेला तो कितीतरी अधिक वळतो. अमातेरासु प्रोटॉन असेल, तर तो साधारण सरळ आला आणि पोकळीचे गूढ खरे. लोखंड असेल, तर तो वळसा घेऊन आला, त्याची दिसलेली दिशा ही मूळ दिशा नव्हे, आणि गूढाची बरीचशी हवा निघून जाते.

दारात अनोळखी माणूस आला की आपण आधी नाव विचारतो, मग गाव. वैश्विक किरणांच्या बाबतीत विज्ञानाने, आणि त्याहून अधिक विज्ञानाच्या बातम्यांनी, हा क्रम पुनःपुन्हा उलटा केला आहे. आजच्या धाग्यात मला एवढेच मांडायचे आहे की घडणीचा प्रश्न हा या विषयाचा पाया आहे, तो ऊर्जेच्या विक्रमांच्या मागे ढकलला गेला आहे, आणि जेव्हा जेव्हा 'प्रोटॉनच असतील' असे सोयीने गृहीत धरले गेले, तेव्हा पुढचे बांधकाम मोडून पुन्हा उभारावे लागले आहे.

सुरुवात नावापासूनच करू. 'वैश्विक किरण' हे नावच एका चुकीच्या तर्काचे अवशेष आहे. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून ५ किलोमीटरहून अधिक उंची गाठली आणि दाखवले की हवेचे आयनीकरण करणारे काहीतरी जमिनीतून नव्हे, वरून येते. पुढे १९२५ मध्ये रॉबर्ट मिलिकन यांनी त्याला 'कॉस्मिक रेज' म्हटले, कारण त्यांच्या मते ते गॅमा किरणांसारखे प्रारण होते. अवकाशात साध्या अणूंपासून नवे अणू घडतात, त्या घडणीचा हा जन्मटाहो, अशी त्यांची कल्पना. कल्पना रम्य होती. तिच्यावर विश्वास ठेवायला लोक उत्सुक होते.

परंतु प्रारणाला विद्युतभार नसतो आणि भार नसलेल्या वस्तूला पृथ्वीचे चुंबकत्व अडवू शकत नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ याकोब क्ले यांना १९२७ च्या सुमारास जावा ते हॉलंड अशा जलप्रवासांत विषुववृत्ताजवळ किरणांची तीव्रता कमी आढळली होती. आर्थर कॉम्प्टन यांनी १९३२ मध्ये जगभर निरीक्षक पाठवून हाच निष्कर्ष पक्का केला. त्या वर्षाच्या डिसेंबरात मिलिकन आणि कॉम्प्टन यांचा वाद 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकला. पुढच्याच वर्षी मेक्सिको सिटीत पश्चिमेकडून येणाऱ्या किरणांचे आधिक्य मोजले गेले, त्यावरून भार धन असल्याचे ठरले. १९४१ मध्ये मार्सेल शाइन यांच्या बलूनप्रयोगांनी ते मुख्यतः प्रोटॉन असल्याचे दाखवले. 'किरण' हे किरण नव्हतेच. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

यानंतरची कथा मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी, मिनेसोटा आणि रॉचेस्टर या विद्यापीठांतील, छायाचित्रणाच्या जाड लेपाच्या काचा बलूनमधून सुमारे २८-२९ किलोमीटर उंचीवर पाठवल्या. काचा धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काही रेषा इतक्या जाड दिसल्या, की त्या प्रोटॉनच्या असणे अशक्य होते. भार जितका अधिक, तितकी रेषा जाड. त्या रेषा कार्बन, ऑक्सिजन, थेट लोखंडापर्यंतच्या अणुकेंद्रकांच्या होत्या. अवकाशातून येणारा हा पाऊस मिश्र आहे, त्यात जवळजवळ सगळ्या मूलद्रव्यांची भेसळ आहे, हे त्या दिवशी कळले.

त्या शोधनिबंधाच्या लेखकांत दोन नावे अशी आहेत, की त्यांच्या पुढच्या आयुष्यावर एकाच समितीची सावली पडली. एक फ्रँक ओपनहायमर, अणुबाँबशी निगडित रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे बंधू. अमेरिकी काँग्रेसच्या 'अमेरिकाविरोधी कारवाया' चौकशी समितीपुढे त्यांचे पूर्वीचे कम्युनिस्ट सदस्यत्व उघड झाले आणि १९४९ मध्ये त्यांची मिनेसोटातील नोकरी गेली. हा भौतिकशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे कोलोरॅडोत गुरे पाळत होता. (सॅन फ्रान्सिस्कोचे प्रसिद्ध 'एक्सप्लोरेटोरियम' हे विज्ञान संग्रहालय त्यांनीच १९६९ मध्ये उभारले, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

दुसरे बर्नार्ड पीटर्स. जन्म १९१० चा, जर्मनीतला. हिटलर सत्तेवर येताच नाझींनी त्यांना पकडून डाखाउ छळछावणीत टाकले. तेथून सुटून ते अमेरिकेत आले, बर्कलेत रॉबर्ट ओपनहायमर यांचे विद्यार्थी झाले, पुढे रॉचेस्टरला गेले. १९४९ च्या जूनमध्ये त्याच गुरूने त्याच समितीपुढे बंद दाराआड दिलेल्या साक्षीत त्यांच्या राजकीय मतांविषयी प्रतिकूल उद्गार काढले, आणि ती साक्ष रॉचेस्टरच्या वृत्तपत्रात फुटली. ओपनहायमर यांनी नंतर वृत्तपत्राला पत्र लिहून सारवासारव केली. व्हायचे ते नुकसान झालेच होते. अशा वेळी पीटर्स यांना जागा दिली ती मुंबईने. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९५१ च्या सुमारास रुजू झाले.

तेव्हा संस्था कुलाब्याच्या आजच्या वास्तूत नव्हती. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचे काम चाले. बलून उडवणे, काचा धुणे, सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास रेषा मोजणे, ही सारी विद्या पीटर्स यांनी येथील तरुणांना दिली. देवेंद्र लाल यांच्यासारखे संशोधक त्या मुशीतून घडले. वैश्विक किरणांच्या माऱ्याने वातावरणात तयार होणारी बेरिलियमची किरणोत्सारी समस्थानिके पावसाच्या पाण्यात शोधण्याचे काम येथेच झाले, आणि त्यातून पुढे महासागर व हवामान यांचा इतिहास वाचण्याची एक नवी रीत निघाली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पीटर्स कोपनहेगनला गेले. पण या शहरात त्यांनी घालवलेली वर्षे ही भारतीय विज्ञानाच्या इतिहासातली सोनेरी वर्षे आहेत, असे मी बिनदिक्कत म्हणेन.

१९६१ मध्ये पीटर्स यांनी एक विचार मांडला. तो समजण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी लागेल. ऊर्जा वाढत जाते तशी वैश्विक किरणांची संख्या झपाट्याने घटते. आलेखावर ही घट बराच काळ एका सरळ उतारासारखी दिसते. मॉस्कोच्या कुलिकोव्ह आणि ख्रिस्तियान्सेन यांना १९५८ मध्ये आढळले की ३ वर १५ शून्ये इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास हा उतार एकाएकी तीव्र होतो. आलेखाला पायाची उपमा देऊन या वळणाला 'गुडघा' म्हणू लागले. त्याच्याही पुढे, ५ वर १८ शून्यांपाशी, उतार पुन्हा थोडा सौम्य होतो; तो 'घोटा'.

पीटर्स यांचा विचार असा. आपली गोफण डोळ्यांसमोर आणा. दगड गोल फिरतो तोवर दोरी त्याला धरून ठेवते. वेग दोरीच्या ताकदीपलीकडे गेला की दगड सुटतो. कणांना ऊर्जा देणाऱ्या खगोलीय यंत्रणेत दोरीचे काम चुंबकीय क्षेत्र करते, आणि त्याची पकड कणाच्या विद्युतभारावर अवलंबून असते. प्रोटॉनवर १ भार, हेलियमवर २, कार्बनवर ६, लोखंडावर २६. म्हणजे एकच गोफण लोखंडाला प्रोटॉनच्या २६ पट ऊर्जेपर्यंत धरू शकते. साहजिकच ऊर्जा वाढते तसे आधी प्रोटॉन संपतील, मग हेलियम, मग कार्बन-ऑक्सिजन, शेवटी लोखंड. गुडघ्यानंतर पाऊस अधिकाधिक जड होत जायला हवा. आज या क्रमाला 'पीटर्स चक्र' म्हणतात.

हे भाकीत पडताळायला चार दशकांहून अधिक काळ लागला. जर्मनीत कार्ल्सरूह येथील 'कास्केड' प्रयोगाने या शतकाच्या आरंभी दाखवले की गुडघा हा हलक्या अणुकेंद्रकांच्या ओसरण्याने झाला आहे. त्याच्याच विस्तारित आवृत्तीला २०११ मध्ये जड अणुकेंद्रकांचा स्वतंत्र गुडघा दिसला, सुमारे ८० वर १५ शून्यांपाशी. ३ ला २६ ने गुणून पाहा.

एवढी वर्षे का लागली? कारण या ऊर्जांना मूळ कण पकडता येत नाही. गुडघ्यापाशी एका चौरस मीटरवर वर्षाला सुमारे एक कण येतो. घोट्यापाशी एका चौरस किलोमीटरवर वर्षाला एक. आणि एकावर वीस शून्यांच्या पलीकडे तर एका चौरस किलोमीटरवर शतकात एक म्हणणेही उदारपणाचे ठरेल. एवढे मोठे बलून नाही, एवढा मोठा उपग्रह नाही. म्हणून वातावरणालाच उपकरण करायचे. पिएर ओजे यांनी १९३८ मध्ये दाखवले होते की दूरदूर ठेवलेले गणक एकाच वेळी वाजतात, म्हणजे एकाच मूळ कणापासून प्रचंड कणवर्षाव होतो. अशा वर्षावाचे गणित त्याच्या आदल्याच वर्षी केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या भाभांनी हाइटलर यांच्यासह मांडले होते.

आता या वर्षावावरून मूळ कणाची ओळख कशी पटवायची? एक खूण खोलीची. प्रोटॉन हा एकटा टणक दगड आहे. लोखंडाचे अणुकेंद्रक ही ५६ खड्यांची मूठ. मूठभर खडे एकाच जोराने फेकले तर प्रत्येक खड्याच्या वाट्याला जोराचा छप्पन्नावा हिस्सा येतो आणि मूठ हवेत लवकर विखुरते. तसाच लोखंडाचा वर्षाव वातावरणात वरच्या थरांतच भरास येतो, प्रोटॉनचा खाली खोलवर. वातावरणाची जाडी वजनात मोजली तर समुद्रसपाटीला ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०३३ ग्रॅम भरते. प्रोटॉन आणि लोखंड यांतील फरक त्यातला साधारण १०० ग्रॅमचा. दुसरी खूण म्यूऑनांची. जड अणुकेंद्रकाच्या वर्षावात म्यूऑन अधिक असतात.

गोम येथेच आहे. एकेका वर्षावात नशिबाचा भाग मोठा असतो. एखादा प्रोटॉन वरच आदळतो आणि लोखंडासारखा दिसतो. त्यामुळे एका कणाकडे बोट दाखवून 'हा लोखंड' असे सहसा म्हणता येत नाही. हजारो वर्षावांची सरासरी आणि विखुरण पाहूनच मिश्रणाचे प्रमाण काढावे लागते. शिवाय खोली मोजणाऱ्या दुर्बिणी हवेतील नायट्रोजनची अतिमंद चमक टिपतात, आणि त्यांना निरभ्र, चंद्रहीन रात्रच लागते. वर्षाचा जेमतेम १५ टक्के वेळ. अमातेरासु केवळ जमिनीवरच्या संवेदकांना दिसला, हे येथे लक्षात घ्यावे. आदल्याच दिवशी बुद्धपौर्णिमा होती.

ऊर्जा मोजणे तुलनेने सोपे, ओळख पटवणे अवघड. म्हणून इतिहासात ऊर्जेने बाजी मारली. न्यू मेक्सिकोतील व्हॉल्कॅनो रँच येथे जॉन लिन्स्ले यांनी १९६२ मध्ये एकावर वीस शून्यांचा पहिला कण नोंदवला. चारच वर्षांनी ग्राइझेन यांनी अमेरिकेत आणि झात्सेपिन व कुझ्मिन यांनी सोव्हिएत संघात स्वतंत्रपणे दाखवले, की विश्व व्यापून राहिलेल्या सूक्ष्मतरंग पृष्ठभूमी प्रारणावर आदळून इतके ऊर्जावान प्रोटॉन दुरून येताना शक्ती गमावतील. म्हणजे ५ वर १९ शून्यांच्या पुढे आलेख कोसळलाच पाहिजे. हे गणित अचूक आहे. त्यातला पहिला शब्द मात्र 'प्रोटॉन' आहे, आणि पुढच्या चाळीस वर्षांत तो शब्द पुष्कळांच्या नजरेआड झाला.

१५ ऑक्टोबर १९९१ रोजी युटातील 'फ्लाइज आय' दुर्बिणीने ३२ वर १९ शून्यांचा कण पाहिला. ऊर्जा सुमारे ५१ ज्यूल, म्हणजे ५ किलोची पिशवी मीटरभर उंचीवरून पायावर पडावी एवढी, आणि ती एका अणुकेंद्रकात कोंबलेली! त्याचे 'ओह माय गॉड' हे टोपणनाव आजही प्रसिद्ध आहे. त्यानंतर जपानच्या 'अगासा' प्रयोगाने एकावर वीस शून्यांपलीकडचे ११ कण असल्याचे सांगितले आणि आलेख कोसळतच नाही असे दिसू लागले. सिद्धान्तवाद्यांना तेव्हा जणू उधाण आले. अवकाशकालातील भेगा, अतिजड अज्ञात कणांचे विघटन, सापेक्षता सिद्धान्तालाच मुरड, असे कितीतरी पर्याय पुढे आले. पुढे युटातील 'हायरेस'ने २००८ मध्ये आलेख कोसळतो असे दाखवले, आणि निबंधाच्या शीर्षकातच त्याला त्या तीन शास्त्रज्ञांच्या आद्याक्षरांचे नाव दिले. घसरण दिसली हे निर्विवाद. ती प्रोटॉनांची घसरण आहे, हे मात्र त्या नावाने आगाऊच ठरवून टाकले.

सर्वांत बोधप्रद प्रसंग अर्जेंटिनातला. मेंदोसा प्रांतात मालार्ग्वे गावाजवळच्या पठारावर पिएर ओजे वेधशाळा आहे. दीड-दीड किलोमीटरवर ठेवलेल्या सुमारे १६०० टाक्या, प्रत्येकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी, व्याप्ती ३००० चौरस किलोमीटर. नोव्हेंबर २००७ मध्ये या वेधशाळेने जाहीर केले की ५७ वर १८ शून्यांपलीकडच्या २७ कणांपैकी २० कण जवळपासच्या सक्रिय दीर्घिकांच्या दिशेने आलेले दिसतात. मोठा गाजावाजा झाला. वैश्विक किरणांचे गाव सापडले, असा सूर होता. पण दिशा इतकी नेमकी जुळायची तर कण फारसे वळलेले नसावेत, म्हणजे ते प्रोटॉन असावेत.

आणि त्याच वेधशाळेच्या दुर्बिणी त्याच सुमारास वेगळे सांगत होत्या. वर्षावांची खोली ऊर्जेबरोबर अपेक्षेइतकी वाढत नव्हती आणि विखुरणही आक्रसत होते. दोन्ही खुणा जडपणाच्या. हा निष्कर्ष २०१० मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दीर्घिकांशी जुळणाऱ्या कणांचे प्रमाण, आता ६९ कण जमल्यावर, ३८ टक्क्यांवर आले होते. निव्वळ योगायोगानेही २१ टक्के जुळतातच. एकाच घरात गावाची बातमी आणि नावाची नोंद एकमेकींशी भांडत होत्या, आणि जगाने गावाची बातमी ऐकली.

मी त्या शास्त्रज्ञांना दोष देत नाही. त्यांनी आकडे लपवले नाहीत, उलट स्वतःच्याच दाव्याचे क्षीण होणे स्वतःच प्रसिद्ध केले. प्रोटॉन गृहीत धरणेही वेडेपणाचे नव्हते. विश्वात हायड्रोजन सर्वाधिक आहे आणि साधे गृहीतक आधी तपासावे हा नियमच आहे. माझा आक्षेप गृहीतकावर नाही, ते गृहीतक आहे याचा विसर पडण्यावर आहे.

आज चित्र बरेच स्पष्ट आहे. ओजेच्या मोजमापांनुसार २ वर १८ शून्यांच्या आसपास पाऊस सर्वांत हलका असतो आणि तेथून पुढे जड होत जातो : आधी हेलियम, मग कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजनचा गट. युटाचा गट पुष्कळ काळ प्रोटॉनांच्या बाजूने बोलत होता. दोन्ही वेधशाळांच्या संयुक्त समितीने एकमेकींच्या उपकरणांतील फरक जमेस धरून तुलना केली, तेव्हा खोलीची मापे त्रुटिमर्यादेत जुळतात असे दिसले. भांडण मापांचे कमी आणि त्यांच्या अर्थाचे अधिक होते.

मग ती शेवटची घसरण कशाची? एक शक्यता अशी की प्रारणावर आदळून कण थकतात. जड अणुकेंद्रकेही वाटेत फुटतात, हे खरेच. दुसरी शक्यता अशी की उगमस्थानांचीच ताकद संपते, गोफणीची दोरी तुटते. ओजेची आकडेवारी दुसरीकडे बऱ्याच अंशी झुकते : प्रोटॉन ५-६ वर १८ शून्यांपर्यंतच पोचतात आणि बाकीची अणुकेंद्रके भाराच्या प्रमाणात पुढे. म्हणजे गुडघ्यासाठी १९६१ मध्ये लिहिलेले पीटर्स चक्र हजारपट ऊर्जेवर, दीर्घिकांपलीकडच्या कणांत पुन्हा अवतरले. हे कण आपल्या आकाशगंगेबाहेरचे आहेत हे २०१७ मध्ये, ८ वर १८ शून्यांपलीकडच्या ३०,००० हून अधिक कणांच्या आगमनात आढळलेल्या साडेसहा टक्क्यांच्या दिशात्मक असमतोलावरून बहुतांशी पक्के झाले. त्या असमतोलाला नेमका अर्थ देतानाही घडण हाताशी लागतेच.

यात पैशाचाही प्रश्न आहे. प्रोटॉन प्रारणावर आदळले की अखेरीस अतिऊर्जावान न्यूट्रिनो निर्माण होतात. त्यांना पकडण्यासाठी बर्फात, समुद्रात, डोंगरांवर महागडी उपकरणे योजली जात आहेत. पाऊस जड असेल तर असे न्यूट्रिनो फारच थोडे निघतील. दक्षिण ध्रुवावरील 'आइसक्यूब'ने हा मुद्दा उलटा फिरवून २०२५ मध्ये चांगला वापरला : न्यूट्रिनो दिसले नाहीत, यावरूनच त्यांनी प्रोटॉनांच्या वाट्याला वरची मर्यादा घातली. अर्थात उगमस्थाने काळाच्या ओघात कशी बदलली याविषयी काही धरून चालावे लागते; तेवढी अट त्यांनीही घातली आहे.

एक काटा मात्र सलतो. ओजे वेधशाळेने २०१६ मध्ये दाखवले की एकावर १९ शून्यांच्या आसपास वर्षावांत म्यूऑन संगणकीय प्रारूपांहून सुमारे ३० टक्के अधिक आहेत. खोलीवरून जी घडण निघते, तिच्याशी म्यूऑनांची संख्या जुळत नाही. या टकरींतील ऊर्जा जिनिव्हाच्या महाकाय त्वरकाच्या साधारण दहापट असते, म्हणून तेथली भौतिकी आपण ताणून वापरतो आणि कोठेतरी ती कमी पडते. घडणीचा प्रश्न अशा रीतीने कणभौतिकीच्या अंगणात येऊन बसला आहे. जे लोक याला खगोलशास्त्राचा किरकोळ तपशील मानतात, त्यांनी हा ३० टक्क्यांचा आकडा विचारात घ्यावा.

म्यूऑन मोजण्याच्या कामात आपलीही एक जागा आहे. उटी येथे सुमारे २२०० मीटर उंचीवर टाटा संस्थेचा, जपानी सहकार्याने चालणारा 'ग्रेप्स-३' प्रयोग आहे : सुमारे ४०० प्लास्टिक संवेदक आणि ५६० चौरस मीटरचा म्यूऑनमापक. त्याची ऊर्जेची पातळी ओजेहून फार खालची, गुडघ्याच्या परिसरातली. १ डिसेंबर २०१४ च्या गडगडाटी ढगात १.३ अब्ज व्होल्टचा विद्युतदाब होता, हे याच म्यूऑनमापकाने सांगितले; २०१९ मध्ये ती बातमी जगभर गाजली. २०२४ मध्ये त्याच प्रयोगाने म्यूऑनांच्या साहाय्याने प्रोटॉन वेगळे काढून त्यांचा आलेख मोजला आणि १६६ वर १२ शून्यांपाशी त्याचा उतार अनपेक्षितपणे सौम्य होतो असे दाखवले. गुडघ्याआधी आलेख सरळ असतो, या जुन्या समजुतीला तो धक्का आहे. माझ्या मते ढगाच्या बातमीहून ही गोष्ट मोठी. गाजली ती ढगाची.

ऊर्जेचा आकडा एका वाक्यात सांगता येतो, मिश्रणाचे प्रमाण सांगायला आलेख लागतो, हे मला कळते. पण 'पोकळीतून आलेला गूढ कण' असे छापणाऱ्याने 'तो प्रोटॉन असल्यास' एवढे तीन शब्द जोडायला काय हरकत होती? मूळ निबंधाच्या लेखकांनी जड अणुकेंद्रकाची शक्यताही हिशेबात घेतली होती. ती बातमीपर्यंत पोचता पोचता गळून पडली.

मालार्ग्वेच्या पठारावर आता प्रत्येक टाकीच्या डोक्यावर प्लास्टिक संवेदकाचा एक चपटा थर बसवला आहे आणि जोडीला रेडिओ अँटेना. टाकीतले पाणी म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन दोन्हींना प्रतिसाद देते, प्लास्टिक मुख्यतः इलेक्ट्रॉनांना. वजाबाकी केली की म्यूऑन हाती लागतात, आणि त्यासाठी चंद्राची अडचण नाही. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निबंधात ओजे गटाने संगणकीय शिक्षणाच्या तंत्राने टाक्यांच्या नोंदींवरूनच वर्षावांची खोली काढली, दुर्बिणींच्या सुमारे दहापट कणांसाठी. जडपणा एकसारखा वाढत नाही, त्याच्या चढणीला तीन ठिकाणी वळणे आहेत, असे त्यात दिसते. अगदी वरच्या टोकाला थोडे प्रोटॉन शिल्लक आहेत का, हा प्रश्न मात्र अजून उघडा आहे. दहात एक जरी असला, तरी तो एक जवळजवळ सरळ रेषेत आलेला असेल.